कोरोनाकाळात थीम पार्कची सहल कशी ठरवाल?

कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड मार्च २०२० मध्ये बंद झाले, ते थेट ३० एप्रिल २०२१ रोजी उघडले. तेही सुरुवातीला फक्त त्या राज्यातील रहिवाशांसाठी. त्यामुळे तारीख बदलता येईल किंवा पैसे परत मिळतील, असेच बुकिंग करा.

लसीचा दुसरा डोस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्या. उघड्यावरील राइडपेक्षा बंदिस्त शो आणि रांगेतील गर्दीत संसर्गाचा धोका जास्त असतो. तिथे मास्क काढू नका. घरात कोणाला मधुमेह असेल किंवा केमोथेरपी सुरू असेल, तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

निघताना कोणालाही ताप किंवा खोकला असेल, तर सहल पुढे ढकला. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ती ताप लपवणार नाहीत.