हिशेबाच्या संगणकप्रणालीत बदल : कोणती भाषा निवडावी?

जयपूर येथील जोहरी बाजारात पाचूची पुडी ग्राहकाच्या किंवा दलालाच्या हाती दिली जाते, तेव्हा पुष्कळदा ती विकली गेलेली नसते. माल पसंत पडला तर बिल केले जाते, अन्यथा पुडी परत येते. या पद्धतीला जांगड असे म्हणतात व महाराष्ट्रातील सराफांनाही हा शब्द परिचित आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३१(७) नुसार, अशा मालाचे बिल विक्रीच्या वेळी किंवा माल पाठविल्यापासून सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत करणे बंधनकारक आहे. साहजिकच कोणती पुडी कोणाकडे आणि किती दिवसांपासून आहे, हे संगणकाने सांगावे अशी व्यापाऱ्यांची अपेक्षा असते. शिवाय रत्नांचा हिशेब नग, कॅरट आणि ग्रॅम अशा तीन मापांत ठेवावा लागतो. टॅलीसारख्या प्रचलित प्रणालीत मात्र एका वस्तूला एक मुख्य आणि एक पर्यायी, अशी दोनच एकके देता येतात. तिसऱ्या मापासाठी प्रणालीत बदल करून घ्यावा लागतो आणि मग तो कोणत्या संगणकीय भाषेत करावा, हा प्रश्न पुढे येतो.

खरे पाहता निवडीचे स्वातंत्र्य वाटते तेवढे नसते. बदल प्रणालीच्या आत करावयाचा की बाहेर, हे आधी ठरवावे लागते आणि भाषा त्यावरून ठरते.

श्यामसुंदर गोएंका व त्यांचे पुत्र भरत गोएंका यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या बंगळुरूच्या कंपनीची टॅली ही प्रणाली आहे. तिच्या आत बदल करावयाचा असल्यास टॅली डेफिनिशन लँग्वेज, अर्थात टीडीएल, हीच भाषा वापरावी लागते. ही भाषा वर्णनात्मक आहे. अहवाल, त्यातील तक्ता, तक्त्यातील ओळ आणि ओळीतील रकाना यांची व्याख्या लिहिली की पडद्यावरील मांडणी प्रणाली स्वतः करते. जांगड पावतीत परतीची मुदत व कॅरटचे वजन यांचे नवे रकाने घालणे आणि मुदत संपत आलेल्या पुड्यांची यादी काढणे, ही कामे टीडीएलने सुटसुटीतपणे होतात. तथापि टॅलीबाहेर या भाषेचा उपयोग नाही. त्यामुळे ती जाणणारे प्रोग्रामर तुलनेने थोडे आहेत.

येथे एक धोका लक्षात घेतला पाहिजे. अशा प्रत्येक नव्या रकान्याला एक क्रमांक द्यावा लागतो. दोन वेगवेगळ्या व्यक्तींनी केलेल्या बदलांत एकाच प्रकारच्या रकान्यांना तोच क्रमांक पडल्यास नोंदींची सरमिसळ होऊ शकते. बदलाची फाईल काढून टाकल्यास त्या रकान्यांतील माहिती नष्ट होत नाही, पण दिसेनाशी होते. वर्षाअखेर सनदी लेखापालांसमोर बसल्यावर ही गोष्ट उघडकीस येणे फारसे सुखावह नसते.

बाहेरून जोडणी करावयाची असल्यास पर्याय अनेक आहेत. टॅली एक्सएमएल स्वरूपातील माहिती स्वीकारते व पुरविते. त्यामुळे पायथन, सी शार्प, जावा यांपैकी कोणतीही भाषा चालते. केवळ आकडे वाचून एक्सेलमध्ये अहवाल करावयाचे असतील, तर ओडीबीसी जोडणी पुरेशी ठरते. येथे पेढीत सहज मिळणारा प्रोग्रामर जी भाषा उत्तम जाणतो, तीच भाषा योग्य होय. भाषेच्या श्रेष्ठत्वाचे वाद दुकानाच्या गल्ल्यावर निरुपयोगी असतात.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची ईआरपीनेक्स्ट ही मुक्त प्रणाली पायथन व जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे. तिची मूळ संहिता खुली असल्याने बदल खोलवर करता येतो. परंतु तिची देखभाल करणारा जाणकार माणूस हाताशी असणे आवश्यक आहे.

संपूर्ण प्रणाली स्वतःच लिहून घेण्याचा मोह टाळलेला बरा. एके काळी अनेक पेढ्यांचे हिशेब फॉक्सप्रो व व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेल्या आज्ञावल्यांवर चालत असत. व्हिज्युअल बेसिक ६ च्या विकासाधाराला मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये, तर व्हिज्युअल फॉक्सप्रोला २०१५ मध्ये पूर्णविराम दिला. दुसरीकडे, वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. त्याखेरीज १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद राहणे अनिवार्य झाले आहे. घरगुती आज्ञावलीत ही सोय स्वतः करावी लागेल.

टीडीएलचे काम बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेताना करार लेखी असावा. बदल बहुधा टीसीपी या संकलित फाईलच्या रूपात दिला जातो व ती वाचता वा दुरुस्त करता येत नाही. प्रोग्रामर दुसऱ्या गावी गेल्यास व्यापारी अडचणीत येतो. म्हणून मूळ संहिता आणि नव्या रकान्यांच्या क्रमांकांची यादी, दोन्ही पैसे चुकते करण्यापूर्वी ताब्यात घ्यावीत. चाचणी चालू हिशेबावर न करता त्याच्या प्रतीवर करावी. एक पुडी जांगड दिल्यापासून ती परत येईपर्यंत, आणि दुसरी बिल होईपर्यंत, नग, कॅरट व ग्रॅम तिन्ही मापांत जुळते की नाही, हे पेढीच्या मुनिमांनी स्वतः पाहावे.