उशीचा अभ्रा

आमच्या हिला दम्याचा विकार. सतरंजी झटकली की दिवसभर छाती भरलेली. म्हणून यंदा सुटीत आमच्या चिरंजीवांनी डब्याला चाके, आत पंखा आणि पुढे टक्कर लागताच यंत्राला मागे वळवणारी पट्टी बसवून, आपणहून फिरणारे झाडण्याचे यंत्र जुळवले. धूळ साठवायला आईच्या उशीचा जुना अभ्रा मागितला, तेव्हा मला एक हकीकत आठवली.

१९०१ साली लंडनच्या ह्यूबर्ट सेसिल बूथने धूळ फुंकण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र केले. पण ते इतके अवजड, की घोडे जुंपून आणावे लागे; रस्त्यात उभे करून खिडकीतून नळ्या आत सोडीत. सामान्यांच्या घरी ते कुठून यायचे?

अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोट करी. त्यालाही दमा! पण झाडू टाकला तर खायचे काय? त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची सांगड घातली. कापडातून हवा निसटे, धूळ मागे राही. १९०८ साली पेटंट मिळाले. हक्क हूवर नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने घेतले, आणि जगाच्या तोंडी नाव बसले ते हूवरचे. २००२ साली ‘रूम्बा’ हे स्वयंचलित यंत्र बाजारात आले. पण स्पँग्लर किती जणांना ठाऊक?

आमचे यंत्र दोनदा सतरंजीच्या दशांत अडकले. ही खूप हसली; खोकली मात्र नाही.