‘धीर’ आणि ‘सहनशीलता’ : टिळक दांपत्याच्या पाच वर्षांचा एक अन्वयार्थ

ज्या ख्रिस्ती सद्गुणास आपण मराठीत सामान्यतः ‘सहनशीलता’ म्हणतो, त्यासाठी नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये दोन निराळे शब्द आहेत. ‘हुपोमोने’ म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणे. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे राग लांबणीवर टाकण्याची शक्ती. पहिला गुण मुख्यतः संकटासंबंधीचा, दुसरा माणसांसंबंधीचा. मराठी भाषांतरात अनेक स्थळी पहिल्यासाठी ‘धीर’ व दुसऱ्यासाठी ‘सहनशीलता’ हे शब्द योजिलेले आढळतात.

यातील दुसऱ्या शब्दाने अर्थाचा तोल थोडा बदलला आहे. ‘सहन’ म्हणजे सोसणे; आणि ‘सोशिक’ हे विशेषण आपल्या व्यवहारात बहुधा सुनेस वा पत्नीस, म्हणजे रागावण्याचा अधिकार नसलेल्या व्यक्तीस लावले जाते. सोलापुरात मराठीशेजारी नांदणाऱ्या कन्नडमधील ‘ताळ्मे’ व तेलुगूमधील ‘ओर्पु’ यांच्याही मुळाशी सोसण्याचीच क्रिया आहे. उलट ग्रीक शब्दात रागावू शकणाऱ्याने तो आवरणे गृहीत आहे. हा भेद केवळ कोशातला नाही, हे एका मराठी घराच्या इतिहासावरून दिसते.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. पुढील पाच वर्षांपैकी मोठा काळ ती दोघे विभक्त होती. त्यातील काही दिवस लक्ष्मीबाईंनी आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरी आप्तांकडे काढले. हे सोसणे त्यांनी निवडलेले नव्हते. ते त्यांच्यावर येऊन पडले होते.

पुढे दोघे पुन्हा एकत्र आली, तरी लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. वडिलांच्या पराकाष्ठेच्या सोवळ्यात त्यांचे बालपण गेले होते. टिळक तर स्वभावाने तापट व उतावळे. मनात येताच घर सोडून निघून जाणारे. अशा पुरुषाने एकाच छपराखाली पत्नीची वेगळी चूल व वेगळे पाणी चालू दिले, ही गोष्ट लहान नव्हे. त्या काळच्या रूढीने पतीस आज्ञा करण्याचा अधिकार दिला होता. त्यांनी या बाबतीत तो वापरला नाही. ‘माक्रोथुमिया’चा नेमका अर्थ येथे, रोजच्या स्वयंपाकघरात, सापडतो. जातिभेदाविषयी स्वतः विचार करून लक्ष्मीबाईंनी तो टाकला आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथेत पतीचे दोष झाकलेले नाहीत. पण ते सांगताना कडवटपणापेक्षा विनोद अधिक आहे. म्हणून त्यांस केवळ ‘सोशिक’ म्हणणे अपुरे ठरते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्य अपुरे होते. वयात आल्यावर पतीकडून लिहा-वाचावयास शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतेक अध्याय पुढे रचले. हा मात्र ‘धीर’ होय : ओझे येथे त्यांनी स्वतः उचललेले होते.

तेव्हा या सद्गुणाचा मराठीतील इतिहास लिहिताना कोणी किती सोसले एवढेच मोजून भागणार नाही. कोणी राग आवरला व कोणाची वाट पाहिली, हेही नोंदले पाहिजे. अन्यथा दोघांनी शिकावयाचा धडा आपली भाषा एकट्या पत्नीच्याच माथी मारील.