सहा काटे आणि बदलती नावं: कोळसुंद्याची गोष्ट

दिवाळीनंतर गागोदे बुद्रुकला गेलो होतो, म्हणजे विनोबांच्या जन्मगावी. वहाळाच्या काठी, ओल्या मातीत कमरेएवढी काटेरी झुडपं उभी होती. फुलं जांभळी. फोनमधलं ॲप म्हणालं, 'हायग्रोफिला शुल्ली'. घरच्या जुन्या पुस्तकात मात्र 'ॲस्टेराकँथा लाँगिफोलिया'. मग बरोबर कोण?

दोघंही. हा आपला कोळसुंदा, म्हणजेच तालिमखाना. संस्कृतात कोकिलाक्ष.

आधी ओळख पटवू. खोड सरळ, केसाळ. प्रत्येक पेरावर पानांचा घोळका आणि त्यात सहा पिवळसर, सरळ काटे. फुलाला दोन ओठ, खालच्या ओठावर पिवळा डाग. आणि पाय कायम ओलीत.

आता इतिहास. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड यांनी 'हॉर्टस मलबारिकस' हा 12 खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युदन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे कोकणी वैद्यही. त्या तिघांचं नागरी लिपीतलं निवेदन पहिल्या खंडात छापलंय, बरं का! या ग्रंथात आपलं झाड आहे 'बाहेल-शुल्ली' नावाने. मल्याळममध्ये वयल म्हणजे भातशेत, चुळ्ळी म्हणजे काटेरी झुडूप. नावातच पत्ता!

पुढे लिनियसने त्याला 'बार्लेरिया'त, म्हणजे कोरांटीच्या कुळात बसवलं. काटे दोघांनाही असतात ना! 1832 मध्ये नेस यांनी 'ॲस्टेराकँथा' केलं. 1962 मध्ये ते 'हायग्रोफिला ऑरिक्युलाटा' झालं. हायग्रोफिला म्हणजे ओल आवडणारी. म्हणजे भातशेतातल्या माणसांनी जे आधीच सांगितलं होतं, तिथेच शास्त्र फिरून आलं. नंतर 1980च्या दशकात मार्सेलिन आणि एस. एम. आल्मेडा यांनी 'शुल्ली' हा शब्दही शास्त्रीय नावात आणला. मलबारच्या लोकांचा शब्द असा तीनशे वर्षांनी परत आला.

एक सावधगिरी. दुकानातला तालिमखाना म्हणजे याच झाडाचं बारीक बी, पाण्यात टाकलं की बुळबुळीत होतं. लाह्यांसारखा पांढरा मखाना वेगळा, तो तळ्यातल्या दुसऱ्याच वनस्पतीचा. नावावर जाऊ नका, वस्तू बघा.

आणि वहाळाकाठी गेलात, तर काटे मोजा. सहा भरले, की समजा कोळसुंदा भेटला. तुमच्या गावात त्याला काय म्हणतात, तेही नक्की कळवा.