बालशिक्षणाचें तत्त्व आणि त्याचीं साधनें

शिक्षणाचें एखादें नवें तत्त्व परदेशांतून आलें म्हणजे त्याच्याबरोबर त्याचें सामानसुमानही येतें, आणि पुष्कळदां तत्त्वापेक्षां सामानाचीच प्रतिष्ठा अधिक वाढते. माँटेसरी-पद्धतीचा आपल्याकडील इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत पहिलें बालगृह उघडलें, तें सान लोरेन्झो या मजुरांच्या वस्तींत. मुलाला शिकविण्यापेक्षां त्याला स्वतः शिकूं द्यावें, हें त्या प्रयोगाचें सूत्र होतें. परंतु गरिबांच्या घरीं जन्मलेली ही पद्धति, महाग साधनांवांचून ती चालत नाहीं अशी समजूत जेथें झाली, तेथें श्रीमंतांची होऊन बसली.

गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढलें. पुढें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, व १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. खरी कसोटी लागली ती १९४५ सालीं, ताराबाई समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या तेव्हां. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. तेथें शंख-शिंपले, खडे, बिया व पानें हींच साधनें झालीं. लहान-मोठें, जड-हलकें, खरखरीत-गुळगुळीत हे भेद समुद्रकांठींही सांपडतात. मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली व अंगणवाडी झाली. पुढें कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत हेंच कार्य चाललें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं शिक्षक कुरणांत गेले, तीच कुरणशाळा.

कोणी म्हणेल, यांत मूळ पद्धति भ्रष्ट झाली. माँटेसरींचीं साधनें मोजून-मापून केलेलीं. मुलाची चूक त्याची त्यालाच कळावी अशी त्यांत योजना. ती शिंपल्यांत कोठून येणार? हा आक्षेप पोकळ नाहीं. साधनांतील ही उणीव शिक्षिकेच्या जागरूक नजरेनेंच भरून निघते. म्हणजे साधन जितकें साधें, तितकी शिक्षिका अधिक तयारीची हवी.

१९७५ सालीं केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडी हें नांव देशभर नेलें. परंतु पोषक आहार, आरोग्य, नोंदवह्या आणि शिक्षण हीं सारीं कामें मानधनावर नेमलेल्या एका सेविकेच्या शिरावर आलीं. बोर्डीनें साधनांचा खर्च वांचविला होता, शिक्षिकेच्या तयारीचा नव्हे. हा भेद विसरल्यास अंगण राहील, पण मुलाला स्वतः शिकूं देणारी दृष्टि तेथें राहणार नाहीं.