ओल्या ठोकळ्यांची हातगाडी

वास्तूंच्या इतिहासांत पायाची खोली, भिंतीची जाडी, कमानीचा आकार आणि बांधविणाऱ्याचें नांव ह्यांची नोंद आवर्जून होते. वीट कोणत्या मातीची, कोणत्या मापाची, कोणत्या भट्टींत भाजलेली, ह्याचाही विचार होतो. परंतु साच्यांतून निघाल्यापासून पक्की होईपर्यंत विटेची जी एक नाजूक अवस्था असते, त्या अवस्थेंत ती कोणीं उचलली, कशावरून नेली, आणि नेणाऱ्याच्या अंगावर किती भार पडला, ह्याची चौकशी क्वचितच होते. प्रस्तुत लेखांत ह्या मधल्या अवस्थेचाच विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठीं एक अगदीं सामान्य साधन घेतलें आहे. तें म्हणजे सिमेंटचे नुकतेच पाडलेले ठोकळे वाहून नेण्याची हातगाडी.

प्रथम वस्तूचें स्वरूप पाहूं. सिमेंटच्या ठोकळ्यासाठीं, म्हणजे ज्याला कारखान्यांत सर्रास ब्लॉक म्हणतात त्यासाठीं, सिमेंट, रेती व बारीक खडी ह्यांचें मिश्रण अगदीं थोडें पाणी घालून करतात. मुठींत दाबलें तर तें लाडवासारखें वळतें. सोडलें तरी ओघळत नाहीं. साच्यांत भरून तें ठोकून किंवा कंप देऊन घट्ट केलें कीं साचा लगेच वर उचलतां येतो, व ठोकळा खालच्या फळीवर आपल्या आकारांत उभा राहतो. पाहणाऱ्यास तो तयार झालासा वाटतो. वस्तुतः त्या वेळीं त्याला आधार असतो तो केवळ एकमेकांत दाबलेल्या कणांचा व त्यांमधील ओलाव्याचा. सिमेंट व पाणी ह्यांचा जो रासायनिक संयोग त्यास दगडाचें बळ देतो, तो अद्याप व्हावयाचा असतो. साधें पोर्टलंड सिमेंट घट्ट होण्याचा आरंभ ३० मिनिटांच्या आंत होतां कामा नये व शेवट ६०० मिनिटांच्या आंत झाला पाहिजे, असें भारतीय मानक आहे. तात्पर्य, ठोकळ्यास आकार मिळतो तो क्षणांत आणि बळ येतें तें कित्येक तासांनीं. यंत्र तेवढा वेळ थांबूं शकत नाहीं. पुढच्या ठोकळ्यासाठीं जागा मोकळी झालीच पाहिजे. अवस्था हलविण्याजोगी नाहीं आणि हलविल्यावांचून गत्यंतर नाहीं, अशा ह्या पेचांतून प्रस्तुत गाडीचा जन्म झाला आहे.

गोणी वाहण्याची दोनचाकी गाडी सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यावर ओझें मागें रेलून न्यावयाचें असतें. ओला ठोकळा असा रेलला तर ढासळेल. म्हणून ठोकळ्यांच्या गाडींत आंसाच्या पुढें दोन आडवे लोखंडी बाहू असतात व मागें लांब दांडा असतो. बाहू फळीखालीं सरकवावयाचे आणि दांडा खालीं दाबावयाचा. तरफेच्या न्यायानें फळी जमिनीपासून दोन-चार बोटें सुटते. एवढीच उचल पुरेशी असते, आणि उचल थोडी म्हणून कलही थोडा. ओझें आंसाच्या जितकें जवळ, तितकें दांड्यावरचें बळ कमी लागतें. जमीन सपाट असणें हाही त्या साधनाचाच एक भाग समजला पाहिजे. कारण धक्का बसला म्हणजे ठोकळा मोडून पडतोच असें नाहीं. पुष्कळदां त्यांत केसासारखी चीर पडते, आणि ती ठोकळा वाळल्यावर, कधीं कधीं भिंतींत बसल्यावर, दिसूं लागते.

आतां ह्या साधनाचा काल. जोसेफ ॲस्पडिन ह्यानें पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें. परंतु पोकळ ठोकळे पाडण्याचें व्यापारी दृष्ट्या यशस्वी यंत्र अमेरिकेंत झालें. हार्मन पामर ह्यास त्याचें पेटंट १९०० सालीं मिळालें. १९०४ सालीं मिशिगन संस्थानांतील अल्पीना गांवीं बेसर पितापुत्रांनीं आपलें यंत्र तयार केलें. टपालानें माल विकणाऱ्या सिअर्स रोबक कंपनीच्या सूचिपत्रांतूनही अशीं हातयंत्रें घरोघर पोंचलीं. हाताच्या यंत्रांत ठोकळे सावकाश पडत. दोघांनीं फळी धरून बाजूस ठेवली तरी निभावत असे. यंत्राचा वेग वाढला तशी फळ्यांची रांग वाढली, आणि फळ्या चौकटींत रचून ती सबंध चौकट उचलणाऱ्या गाडीनें वाफेच्या खोलींत नेण्याची पद्धत पडली. १९१७ सालीं फ्रान्सिस स्ट्रॉब ह्यानें कोळशाची राख घातलेल्या हलक्या ठोकळ्याचें पेटंट घेतलें. ह्यावरून ठोकळ्याचें वजन हाच ह्या धंद्याचा एक मोठा प्रश्न होता असें दिसतें.

परंतु प्रश्न सिमेंटहून फार जुना आहे. संस्कृत इष्टका, प्राकृत इट्टआ, मराठी वीट, अशी ज्या शब्दाची परंपरा आहे, त्या वस्तूबरोबरच तो जन्मास आला. बौधायनादिकांच्या शुल्बसूत्रांत अग्निचयनाच्या चितीसाठीं विटांचीं मापें अत्यंत काटेकोर दिलीं आहेत. पांच थर व प्रत्येक थरांत दोनशें, अशी एक हजार विटांची रचना प्रसिद्धच आहे. वाळतांना व भाजतांना वीट आकसते हें सूत्रकारांस पूर्ण ठाऊक होतें, व ती तूट भरून काढण्याचा उपायही त्यांनीं सांगितला आहे. म्हणजे ओली वीट आणि पक्की वीट ह्यांचा हिशेब निराळा ठेवावा लागतो, ही जाणीव आपल्याकडे प्राचीन आहे. मात्र सूत्रांचा विषय माप हा होता. वाहणाऱ्याचे कष्ट हा नव्हे.

ओल्या विटेस साच्यापासून वाळवणाच्या जागीं कसें न्यावयाचें, ह्या प्रश्नास मनुष्यानें तीन उत्तरें दिलेलीं आढळतात. पहिलें, वीट साच्यांतच ठेवून साचा न्यावयाचा व तेथें रिकामा करावयाचा. दुसरें, वीट फळीवर उतरवून फळी न्यावयाची. तिसरें, विटेस मुळींच हलवावयाचें नाहीं. पाडणाऱ्यानेंच साचा घेऊन जागोजाग सरकावयाचें. आपल्याकडील वीटभट्टीवर जो कामगार रेती पसरलेल्या जमिनीवर उकिडवा बसून ओळीनें विटा थापीत जातो, तो तिसऱ्या पद्धतीचा अनुयायी होय. भारतीय स्थापत्याच्या पाठ्यग्रंथांत जमिनीवर पाडलेली वीट व मेजावर पाडलेली वीट असा जो भेद करतात, त्याचें मूळ ह्याच प्रश्नांत आहे. मेज आलें कीं फळी आली, आणि फळी आली कीं ती वाहणारा आला.

पहिल्या दोन पद्धतींची तुलना करण्यास एकोणिसाव्या शतकांतील इंग्लंड हें उत्तम क्षेत्र आहे. एडवर्ड डॉब्सन ह्याचा वीट-कौलांच्या कृतीवरील ग्रंथ १८५० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दोन्ही पद्धतींचें वर्णन मिळतें. लंडनच्या आसपास रेतीचा साचा वापरीत. वीट लहान फळीवर उतरे, आणि बाजू नसलेल्या हलक्या एकचाकी गाडीवर २६ विटा मांडून, वर कोरडी रेती भुरभुरून, त्या जपून वाळवणाच्या ओळींकडे नेत. ही गाडी म्हणजे आपल्या ठोकळ्यांच्या गाडीची पूर्वजच होय. मध्य व उत्तर इंग्लंडांत मात्र साचा पाण्यांत बुडवून वीट पाडण्याची चाल होती. तेथें एक एक वीट साच्यासकट उचलून जमिनीवर नेऊन ठेवण्याचें काम बहुधा मुलांकडे असे.

ह्या दोन पद्धतींत वाहणाऱ्याच्या दृष्टीनें केवढें अंतर पडतें तें त्रैराशिकानें पाहावें. समजा, दिवसाला २,००० विटा पडतात व वाळवणाची जागा सरासरीनें ८ मीटरांवर आहे. एका खेपेस जाऊन येऊन १६ मीटर. एका वेळीं एक वीट नेली तर दिवसाची चाल ३२ किलोमीटर. दोन मुलांत वांटली तरी प्रत्येकीं १६. त्याच विटा २६ च्या खेपेनें गाडीवरून नेल्या तर खेपा ७७ व चाल सव्वा किलोमीटराच्या आंत. अंतरें व संख्या ही हिशेबापुरतीं धरलेलीं आहेत. प्रमाण मात्र बदलत नाहीं.

मग ज्या देशांत ही गाडी माहीत होती, त्याच देशांत मुलें साचे वाहत कां राहिलीं? ह्याचें एक कारण खरोखर कारागिरीचें आहे. पाण्याच्या साच्यांतली वीट इतकी मऊ असते कीं जमिनीवर पडून थोडी आवळल्याखेरीज ती रचतां येत नाहीं, मग गाडीवर मांडणें दूरच. परंतु तेवढ्यानें समाधान होत नाहीं. मातीचे गोळे मेजापर्यंत पोंचविण्यास असा कोणताही अडथळा नव्हता. चाकाची गाडी त्या कामास केव्हांही चालली असती. तरीही तें ओझें मुलांच्याच डोक्यावर होतें. जॉर्ज स्मिथ हा स्टॅफर्डशायरांत वीटकामावर वाढलेला गृहस्थ. आपण नऊ वर्षांचे असतां सुमारें ४० पौंड माती डोक्यावरून वाहत होतों, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. वीटभट्ट्यांवरील मुलांच्या आक्रोशासंबंधीं त्याचें पुस्तक १८७१ सालीं निघालें, आणि त्याच सालीं पार्लमेंटनें कायदा करून १० वर्षांखालील मुलगे व १६ वर्षांखालील मुली ह्यांस वीटकामावर ठेवण्यास बंदी केली.

चाकाची एक चाकी गाडी चीनमध्यें इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत होती, व युरोपांत ती तेराव्या शतकापर्यंत प्रचारांत आली. म्हणजे १८७१ सालीं तिला युरोपांतच सहाशें वर्षें होऊन गेलीं होतीं. साधन ठाऊक असणें आणि साधन वापरलें जाणें ह्या दोन घटना निराळ्या आहेत. त्यांमध्यें कधीं कधीं शतकें जातात, आणि त्या अवधीत साधनाच्या जागीं मनुष्य उभा असतो. इतिहासकार शोधाचें साल लिहितो व पुढें जातो. ह्या अवधीचा हिशेब तो मांडीत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या मतें मजुरीच्या इतिहासाचा खरा विषय हा अवधीच आहे.

ह्या दृष्टीनें सिमेंटच्या ठोकळ्याकडे पुनः पाहिलें असतां एक गोष्ट स्पष्ट होते. येथें गाडी आली ती दयेनें आली असें म्हणतां येत नाहीं. आठ इंच रुंद, आठ इंच उंच व सोळा इंच लांब असा जड खडीचा पोकळ ठोकळा सुमारें ४० पौंडांचा, म्हणजे १८ किलोंचा भरतो. फळीवर असे तीन उभे असले तर फळी सोडून ५४ किलो झाले. एवढें ओझें हातांत सपाट धरून न्यावयाचें आणि तें रेसभरही कलूं द्यावयाचें नाहीं, हें एका माणसाच्या आवाक्याबाहेरचें आहे. डोक्यावर तर तें घेतांच येत नाहीं. ठोकळ्याच्या नाजूकपणानें मालकास गाडी घेण्यास भाग पाडलें. मातीचा गोळा डोक्यावर दबला तरी बिघडत नव्हता, म्हणून तेथें गाडीची गरज कोणास भासली नाहीं. मालाची काळजी घेतां घेतां मजुराची पाठ वांचली, इतकेंच काय तें श्रेय.

हिंदुस्थानांत सिमेंटचा पहिला प्रयत्न मद्रास येथें १९०४ सालीं झाला व पोरबंदर येथें १९१४ सालीं उत्पादन यशस्वी झालें. १९३६ सालीं अनेक कंपन्या एकत्र येऊन मुंबईस असोसिएटेड सिमेंट कंपनीज ही संस्था निघाली. ह्यांच्या हकीकती व आंकडे उपलब्ध आहेत. ठोकळ्यांच्या गाडीस तसा कागद मिळत नाहीं. ती बहुधा गांवच्या लोहारानें किंवा वेल्डिंगच्या दुकानदारानें गिऱ्हाइकाच्या फळीच्या मापानें केलेली असते. तिच्यावर ना सन, ना नांव. शिवाय तिसऱ्या उत्तराचेंही यंत्ररूप आतां प्रचारांत आहे. तें यंत्र स्वतःच चाकांवर पुढें सरकत जमिनीवर ठोकळे टाकीत जातें, व कोंबडी अंडीं घालते तसें तें दिसतें म्हणून त्यास तसेंच नांव पडलें आहे. तेथें ओल्या ठोकळ्यास हलवावयाचेंच नसल्यामुळें गाडीची गरज उरत नाहीं. वीटभट्टीवरील ज्या कामगाराचा उल्लेख वर केला, त्याचीच ही रीत लोखंडांत उतरली आहे.

वीटभट्ट्यांवर मात्र पाडणारें कुटुंबच्या कुटुंब असतें, आणि मुलांचा प्रश्न इंग्लंडच्या कायद्यानंतर दीर्घकाळ आपल्यापुढें राहिला. १९८६ च्या बालमजुरीविषयक कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती होऊन, कौटुंबिक व्यवसायादि कांहीं अपवाद वगळतां, १४ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी झाली. १८७१ व २०१६ ह्या दोन सालांमधील १४५ वर्षें हाही वर सांगितलेल्या अवधीचाच एक भाग आहे.

सबब जिज्ञासूंस सूचना अशी कीं, जुन्या वाड्यांचे व शिलालेखांचे टिपण करतांना जवळच्या ठोकळ्यांच्या कारखान्यांत व वीटभट्टीवर एक फेरी अवश्य करावी. गाडी आढळल्यास चाकाचा व्यास, आंसापासून बाहूंच्या टोकापर्यंतचें व दांड्याच्या टोकापर्यंतचें अंतर, फळीचें माप, एका खेपेस जाणारे ठोकळे, आणि यंत्रापासून वाळवणापर्यंतचीं पावलें मोजून लिहावींत. कामगार तिला कोणत्या नांवानें संबोधतात तेंही त्यांच्याच तोंडून उतरून घ्यावें. गाडी नसेल तेथें तीं पावलें कोण चालतो, व दिवसांतून किती वेळां, हें टिपावें. भंगारांत गेलेल्या लोखंडाचें माप पुढें कोणासही घेतां येणार नाहीं.