पोटाला चिमटा, पोटाला टाके

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात फोटो पाहून काहींनी "आजारी होतीस का?" असं काळजीनं विचारलं. एका मावसबहिणीनं तर थेट "शुगर वाढली का गं?" असंच विचारलं. (उलट कमी झालीय.) प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी हैदराबादला जाऊन वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. बायपास. हृदयाचं नव्हे, जठराचं. नांदेडकरांनी मोठ्या दुखण्यासाठी हैदराबाद गाठायचं ही जुनी वहिवाट. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, पण दवाखान्याचा रस्ता काही बदलला नाही. वजन होतं ११२ किलो, अकरा वर्षांचा मधुमेह, त्यात इन्सुलिन, आणि जिना दिसला की घाम. निर्णय माझा आणि ह्यांचा. आईला मात्र ऑपरेशन झाल्यावरच कळवलं. ती औसा तालुक्यातल्या आमच्या गावाहून लातूर गाठून, तिथून एस.टी.नं नांदेडला आली, माझ्या पोटावरच्या पाच बारक्या खुणा पाहिल्या आणि म्हणाली, "आम्ही पोटाला चिमटे काढले माय, तू टाके घातलीस."

ती रागानं बोलली नव्हती. म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जात नाही. अन्न मिळावं म्हणून जी बाई उन्हात खडी फोडत बसली, तिच्या लेकीनं अन्न कमी जावं म्हणून लाखांत पैसे मोजले. हे कुठून कुठं आलं ते बघावं म्हणून मी वाचत गेले.

या ऑपरेशनचा उगम वजनाशी नाहीच मुळी. १८८१ साली व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोग झालेल्या एका बाईच्या जठराचा भाग काढून उरलेला आतड्याला जोडला. ती त्यातून उठली, पण चारच महिने जगली. पुढे अल्सरसाठी अशी ऑपरेशनं सर्रास होऊ लागली आणि डॉक्टरांच्या लक्षात आलं की या लोकांचं खाणं बदलतं. गोड खाल्लं की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात कळ, अंथरुणावर आडवं व्हावंसं वाटणं. अन्न जठरात न थांबता सरळ आतड्यात कोसळतं म्हणून हा त्रास. १९२२ पासून त्याला 'डंपिंग' म्हणू लागले. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी एक उलटी गोष्ट हेरली. अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या बायकांचं वजन वाढतच नाही! मग १९६६ साली त्यांनी चिकाशी इटो यांच्याबरोबर लठ्ठपणासाठीच जठराचा बायपास केला. म्हणजे एका पिढीची तक्रार ती पुढच्या पिढीचा उपचार. माझ्या पोटात जे आहे ते याच घराण्यातलं. वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची पिशवी (म्हणजे दोन मोठे चमचे) आणि तिला खालून वर आणून जोडलेलं आतडं.

त्याच्याही आधी, १९५४ साली, मिनेसोटा विद्यापीठात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळला तर वजन किती घटतं यावर काम केलं होतं. त्यातून निघालेली ऑपरेशनं पुढं सोडून द्यावी लागली, कारण जुलाब थांबेनात आणि लिव्हर बिघडू लागली. पण मला त्यात भलतंच काही सापडलं. याच विद्यापीठात, फक्त दहा वर्षं आधी, अन्सेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ तरुणांना मुद्दाम उपाशी ठेवलं होतं! म्हणजे अगदी निराहार नव्हे, पण २४ आठवडे अर्धपोटी. युद्ध संपल्यावर युरोपातल्या भुकेलेल्यांना कसं खाऊ घालायचं हे शोधण्यासाठी. मुलं स्वखुशीनं तयार झाली होती. त्यांचं वजन एक चतुर्थांश घटलं, ती ताटं चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. आणि पुन्हा पोटभर मिळायला लागलं तेव्हा कित्येकांना पोट भरूनही भूक वाटत राहिली.

हे वाचताना मला आमचं गाव दिसलं, १९७२ चं. अर्थात मी तेव्हा नव्हते. मी त्या दुष्काळाच्या पोटातली. जन्म १९७३ च्या वैशाखातला. लातूर तेव्हा जिल्हासुद्धा नव्हता (तो १९८२ ला झाला), आम्ही उस्मानाबादकर. पाऊस लागोपाठ दगा देत होता, विहिरी आटल्या, जनावरं विकली गेली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यातली एक माझी आई, पोटुशी, पाझर तलावाच्या कामावर. रेशनला अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. तिच्या मते ते जनावराचं खाणं, पण भाकरी थापायची त्याचीच. आणि कामावर सुकडी.

ही सुकडी कशी खायची, हे तिनं मला ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात शिकवलं. तळहातावर घ्यायची, चिमटीनं तोंडात टाकायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, पाणी लगेच प्यायचं नाही. का? "लगीच पाणी पिलं की पोट फुगतंय आणि घटकाभरात पुन्हा रिकामं होतंय." हैदराबादच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर जवळजवळ हेच छापलेलं होतं. घास वीस-तीस वेळा चावा, जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबा. मी तो कागद तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "याला पैसे घेतेत?"

दुष्काळातल्या बाईच्या पोटी वाढलेलं मूल पुढं जाड का होतं, यावरही अभ्यास आहेत. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात जी मुलं गर्भाच्या पहिल्या निम्म्या काळात होती, त्यांच्यात एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणा जास्त आढळला, असं १९७६ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपली बाळं हाडामांसानं बारीक असली तरी त्यांची चरबी त्या मानानं शाबूत होती. बाहेरून कृश, आतून मेदाची. पुढं भरपूर मिळू लागलं की मधुमेहाला वाट मोकळी.

म्हणून माझे ११२ किलो म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाचं देणं, असं म्हणायला छान वाटतं, पण एका माणसाबद्दल असं काही सिद्ध होत नसतं. माझा भाऊ १९७६ चा, त्याच घरचा, आणि काडीसारखा. थोरली बहीण दुष्काळात चार वर्षांची होती, तिला मधुमेह आहे, वजन नाही. मी बँकेत तीस वर्षं खुर्चीवर बसले हेही हिशेबात धरायला हवं. दुष्काळानं आमच्या घराला एक गोष्ट मात्र नक्की दिली, तिला पुराव्याची गरज नाही. ताटात टाकायचं नाही, आणि समोरच्याला आग्रह केल्याशिवाय उठू द्यायचं नाही.

आता या आग्रहात ३० मिलिलिटरची पिशवी घेऊन राहायचं!

पहिले दोन आठवडे पातळ, मग दोन आठवडे वाटलेलं, मग मऊ, आणि सहा आठवड्यांनी साधं जेवण, असा क्रम. कागदावर इडली होती, नाचणी होती, प्रोटीन पावडर होती. ज्वारी नव्हती. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत आणि एका वाटी पातळ वरणात चार-पाच ग्रॅम. तुरीच्या डाळीच्या बाजारपेठेजवळची माणसं आम्ही, पण बारा वाट्या वरण कुठून जाणार? आईनं हुलग्याचं माडगं आणलं, ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या, आंबील फडक्यातून गाळून चमच्यानं दिली. पावडर ताकात घुसळायची कल्पनाही तिचीच. अंडं मात्र आमच्या माळकरी घरात तिच्या देखत नाही. सातव्या आठवड्यात वरणात कुस्करलेल्या भाकरीचे तीन घास गेले तेव्हा मला रडू आलं, ते आनंदाचं होतं की उरलेल्या भाकरीकडे बघून, मला आजही सांगता येत नाही. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले. असं होतं आणि पुन्हा येतात, हे आधी सांगितलेलं असूनही कंगवा बघवत नसे.

सगळ्यात कठीण खाणं नव्हतंच, नाही म्हणणं होतं. "येवढंच खायलीस?" "आमच्या घरचं गोड लागत नाही का?" एका बारशात तर यजमानीणबाई माझ्या ताटापुढून हलेचनात. २०११ साली नितीन गडकरींनी, तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा पेपरात आलं होतं. २०१७ साली इजिप्तची इमान अहमद मुंबईत आली तेव्हा तर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. किती किलो गेले ते सगळे सांगतात. नंतर पंगतीत काय करायचं ते कुणी दाखवत नाही.

आधार मला दोन ठिकाणी मिळाला. पहिला, देवगिरी एक्स्प्रेसमध्ये. तपासणीहून परतताना दवाखान्यात दिसलेल्या दोघी त्याच डब्यात निघाल्या, दोघीही नांदेडच्या. तेव्हापासून आम्ही तिघी रविवारी भेटतो. एकीला पाण्याचा घोट अडकायचा, एकीला जिलबीच्या वासानंही धडधडायचं (डॉक्टर म्हणाले मनाचं आहे, ती म्हणाली असू दे). बी-१२, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यायचं असतं. कुणी टाळलं की बाकीच्या दोघी तिचं डोकं खातात. आमच्या वजनाच्या आकड्यांपेक्षा "काल काय बाधलं" याचीच चर्चा जास्त चालते. नवऱ्यांना ती ऐकवत नाही.

दुसरं ठिकाण गुरुद्वाऱ्याचा लंगर. १७०८ साली गुरू गोविंदसिंग इथं नांदेडातच निवर्तले, तेव्हापासून हे शहर त्यांचं. लहानपणापासून ऐकलेलं, पण पंगतीत बसून नीट पाहिलं ते आत्ता. दोन्ही हात पुढं केले की सेवेकरी त्यात 'प्रसादा' म्हणजे रोटी ठेवतो. हात पुढं केला नाही की तो पुढच्याकडे जातो. झालं, बस्स! ना "का गं", ना "अजून एक". टाकू नका एवढंच. अर्धी रोटी आणि डाळ घेऊन मी पाऊण तास बसले होते, कुणी वळूनही पाहिलं नाही.

मग येळवस आली, ११ जानेवारी २०२४. लातूरकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी : वेळ अमावस्या. सगळं गाव शेतात, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा, आणि जेवायला भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही ओढून आणून जेवू घालायचं. मी ऑपरेशननंतर पाच महिन्यांची. चुलत्यांचं, भावकीचं सगळं गणगोत जमलेलं. काकूनं उंड्याचं ताट आणलं, आत्यानं खीर. मी दोन चमचे भज्जी, थोडी आंबील घेऊन थांबले. आत्या म्हणाली, "कामून, लेकरा? शेतात येऊन उपाशी?"

आई पलीकडे वाढत होती. तिनं मागं वळूनही न बघता सांगितलं, "तिचं पोट भरलंय. वाढू नका."

बहात्तर पाहिलेल्या बाईच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. आत्यानं खीर परत नेली.

असो. आज वजन ७४ आहे, मध्ये ७२ झालं होतं, दोन किलो परत आलेत. इन्सुलिन सुटलं, एक गोळी राहिलीय. आणि आंबिलीची कृती दोघींनी मागितलीय, ती अशी : ज्वारीचं पीठ रात्रभर आंबट ताकात भिजवायचं, सकाळी आधणात सोडून सारखं हलवत शिजवायचं, गार झाल्यावर पुन्हा ताक, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. पीठ किती, हे आईला विचारलं तर ती मूठ दाखवते, आणि तिची मूठ माझ्यापेक्षा लहान आहे. पहिल्या महिन्यात लसूण घालायची नाही आणि फडक्यातून गाळायची, तेही जुन्या, मऊ धोतराच्या.